पत्रा आधी, इंजिन नंतर
वाहनविषयक प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत दोनच विषय होते. एक, चवथीच्या आधी दारात स्वस्त सेकंडहँड गाडी यावी. दुसरा, घरात पडून असलेली किंवा कुठेतरी दिसलेली जुनी मॉरिस, हेराल्ड, अ‍ॅम्बेसेडर. दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळली आहेत. एकाचं वाचून दुसऱ्याने उडी मारू नये.

प्रश्न : आम्ही घरात चौघं. नोकरी फोंड्यातच, म्हणजे गाडी रोज जेमतेम दहा किलोमीटर चालणार आणि रविवारी पणजी किंवा मडगाव. हातात तीन लाख आहेत. एक एजंट दिल्लीची डिझेल गाडी स्वस्तात आणून देतो म्हणतो. घ्यावी का? (वाचक, फोंडा)

नको. डिझेल म्हणूनही नको आणि दिल्लीची म्हणूनही नको.

तुमचं वर्षाचं चालणं सात हजार किलोमीटरच्या वर जात नाही. पेट्रोल गाडी लिटरला १६ आणि डिझेल २० देते असं धरलं तरी वर्षाला नव्वद लिटरसुद्धा वाचत नाहीत. उलट पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन पुरतं तापतच नाही. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरतो, पिकअप जातो. एकदा इंजेक्टर काढायची वेळ आली की कित्येक वर्षांची बचत एका बिलात संपते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टरही असतो. तो जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात पळावी लागते, आणि फोंड्याच्या बाजारात ते जमत नाही.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या गाड्या देशभर स्वस्तात जाऊ लागल्या. किंमत कमी दिसते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७ आणि गोव्याचा रस्ता कर पुन्हा, हे सगळं त्यात मिळवा. जुन्या राज्यातून कराचा परतावा मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत चपला झिजतात. इथल्याच, शक्यतो पहिल्या मालकाच्या जीए क्रमांकाच्या गाडीला थोडे जास्त पैसे देणं शहाणपणाचं.

तुमच्या पैशांत २०१० नंतरच्या के-१० इंजिनाची वॅगन-आर, १.२ पेट्रोल स्विफ्ट किंवा रिट्झ, किंवा १.२ कप्पा इंजिनाची आय-१० शोधा. या सगळ्यांत टायमिंगला (व्हॉल्व्हची उघडझाप जुळवायला) साखळी आहे. १.१ लिटरच्या आय-१० आणि सँट्रोत रबरी पट्टा येतो. तो बदलल्याची पावती नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, कारण पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकू शकतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते. म्हणजे २०१३ची गाडी घेतलीत तर २०२८ साली ही पायरी तुमच्या वाट्याला येणार.

गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागला तर चहा प्या आणि गार होईपर्यंत थांबा. गार इंजिन पहिल्या दोन सेकंदांत पकडलं पाहिजे. सुरुवातीला निळा धूर दिसला आणि मग थांबला तर व्हॉल्व्हची सील गेली आहेत. ते परवडणारं काम आहे. तापल्यावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, परत फिरा. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवावी. हजार रुपयांच्या आत गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर मिळतो, तो जवळ ठेवा. 'एरर नाही' एवढ्यावर खूश होऊ नका. स्कॅनरमध्ये रेडिनेसच्या (गाडी स्वतःच स्वतःच्या घेते त्या) चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर कालच कुणीतरी एरर पुसली आहे. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर पावसात पकड सोडतं.

गाडीच्या किमतीबाहेर तीस हजार बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, सगळी तेलं, सस्पेंशनचे बुश यांत ते जातातच.

प्रश्न : कळंगुटला चार वर्षं रेंट-अ-कार म्हणून फिरलेली हॅचबॅक 'आता खासगी पासिंग करून देतो' म्हणून विकायला आहे. रंग चकचकीत, मीटर ४८ हजार. काय तपासू? (वाचक, म्हापसा)

मीटर बाजूला ठेवा. आरसी आणि वाहन पोर्टलवरचा इतिहास पाहा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी व्यावसायिक नोंदणीची असते. ती खासगी करून, कराचा फरक भरून, नवी आरसी हातात आल्यावरच पैसे द्या. 'करून देतो' या शब्दाला किंमत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा क्रमांक सांगून शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर विचारा. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसलेली आणि मीटर ४८ हजार, हे एका गाडीत जमत नाही. पन्नास-साठच्या वेगाला घों-घों आवाज आला आणि वळणावर तो कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंग गेलं आहे. ते बदलता येतं.

तुमची खरी भीती पत्र्याची असायला हवी. पर्यटक भाड्याच्या गाड्या किनाऱ्यावरच्या वाळूत घालतात. तसं करायला बंदी आहे, तरी घालतात. लाटेचं पाणी एकदा खालून उडालं की ते सांध्यांत शिरतं. कोरडं मीठ फार काही करत नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण स्वतःच पाणी ओढून विरघळतो, आणि किनाऱ्यावर बहुतेक रात्री हा आकडा ओलांडला जातो. म्हणजे पाऊस नसला तरी सांधा सुकतच नाही. पत्रा आतून बाहेर कुजत येतो, आणि रंगाखाली फोड दिसेपर्यंत आतलं काम संपलेलं असतं.

सोबत टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक न्या. सुरुवात बॉनेटखाली करा. पुढचे शॉकअ‍ॅब्झॉर्बर जिथे वर बोल्ट केलेले असतात ते घुमट, बॅटरीचा ट्रे, आणि वायपरखालची पन्हळ, जिच्यात काजू-आंब्याची पानं कुजून पाणी अडतं. दारांच्या खालच्या दुमडीवर बोट फिरवा, निथळायची भोकं मोकळी आहेत का पाहा. जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला 'चर्र' करतो. स्टेपनी काढा, खड्ड्याच्या तळाशी वाळू किंवा गाळाची रेघ शोधा. मागच्या उजव्या-डाव्या चाकांच्या कमानीत पेट्रोल भरायची नळी आणि ब्रेकचे पाइप जातात. त्यांवर खपल्या असतील तर खाली लपलेलं अजून पुष्कळ आहे. पुढच्या सीटचे रूळ पूर्ण सरकवा. त्यात बारीक वाळू निघाली की 'किनारा पाहिला नाही' ही गोष्ट तिथेच संपते. चुंबक जिथे पकडत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

खालून ताजा काळाकुळकुळीत अंडरबॉडी कोट मारलेला दिसला तर जास्त संशय घ्या. गंजावर डांबरी कोट मारला की ओल आत बंद होते आणि गंज सुखाने वाढतो.

कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१चे पूर, चिपळूणची असेल तर जुलै २०२१ आठवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. विक्रेता सगळं धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभरावरची गढूळ रेघ बहुधा राहून जाते.

प्रश्न : मडगावच्या आमच्या जुन्या घरी १९५८ची मॉरिस मायनर अठरा वर्षं गॅरेजमध्ये उभी आहे. इंजिन अडकलंय, हँडल फिरत नाही. एक मेकॅनिक म्हणतो, मारुतीचं इंजिन बसवू, महिन्यात पळेल. मन होत नाही. काय करावं? (वाचक, मडगाव)

तुमचं मन बरोबर सांगतंय. मारुतीचं इंजिन घातलं की गाडीचं मोल जातं, आरसीत बदल मंजूर करून घ्यावा लागतो आणि व्हिंटेज नोंदणीचं दार बंद होतं. शिवाय १९५८ची मायनर म्हणजे ९४८ सीसीचं ए-सिरीज इंजिन. साधं, लोखंडी, आणि सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही तयार होणारं.

पण इंजिनाकडे नंतर वळा. आधी गाडी चार स्टँडवर उचला आणि खाली झोपा. अ‍ॅलेक इसिगोनिसने आखलेल्या या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. पुढच्या सीटखाली आडवा जाणारा क्रॉसमेंबर नीट तपासा. पुढच्या सस्पेंशनचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) मागे त्यातच अडकवलेले असतात, त्यामुळे तो कुजला तर गाडी चालवणं धोक्याचं. मग दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे उंबरठे), मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे पुढचे हँगर, पुढच्या चाकांच्या आतला पत्रा. हे शाबूत असेल तर बाकी काहीही दुरुस्त होतं. क्रॉसमेंबर आणि हँगर दोन्ही गेले असतील तर आधी वेल्डिंगचा अंदाज घ्या, इंजिनावर तोवर रुपयाही घालू नका.

अडकलेलं इंजिन ओढून सोडवायला जाऊ नका. गिअरमध्ये टाकून जीपने ओढली की रिंगा तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरात दोन-दोन चमचे घाला. जवळ विडी-काडी नको. आठवडाभर रोज थोडं घाला. मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे हलवत राहा, इंच-इंच. बहुतेकदा सुटतं. नाहीच सुटलं तर हेड काढा. तेव्हाच एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या. देशभर २००० सालापासून पेट्रोल शिशाविना आहे आणि जुन्या मऊ सीट त्याने हळूहळू खचतात. केवळ त्यासाठी हेड उघडायची मात्र गरज नाही. पन्नासच्या वेगाने वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत त्या झिजायला फार वर्षं लागतात. हेड परत बसवताना नट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटी ४० फूट-पौंडांपर्यंत आवळा.

सुटल्यावर लगेच सेल्फ मारू नका. जुनं तेल काढा, संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून तळाचा गाळ पुसा, नवा फिल्टर आणि २०-डब्ल्यू-५० तेल, सुमारे पावणेचार लिटर. प्लग बाहेरच ठेवून, तेलाचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवा. मगच प्लग. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५, व्हॉल्व्हची गार इंजिनावर ०.०१२. टाकीतलं जुनं पेट्रोल व्हार्निशसारखं वास मारत असेल. टाकी उतरवून धुवा, नाहीतर एसयू पंप आणि कार्ब्युरेटर पुन्हापुन्हा तुंबत राहतील. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालायचं असतं. ते विसरलं की गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच अडखळते, आणि लोक कारण नसताना जेट बदलतात.

बॅटरी जोडताना थांबा. त्या काळच्या मायनरमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आजच्या सवयीने मायनस जोडलात तर डायनॅमोची दिशा आणि वायरिंग एकमेकांविरुद्ध जातात. निगेटिव्ह अर्थ (म्हणजे मायनस बॉडीला) करायचंच असेल तर कॉइलच्या वायरी उलटवा, बॅटरी उलटी जोडा आणि डायनॅमोची एफ वायर सोडवून त्या टर्मिनलला बॅटरीच्या प्लस टोकाचा क्षणभर स्पर्श द्या. एवढं काम आहे. अंधुक दिव्यांचा दोष सगळे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीला देतात. निम्म्या वेळा दोष अर्थच्या गंजलेल्या पट्टीचा असतो. हेडलाइट लावून बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आणि बॉडी यांच्यात मीटर धरा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी घासा.

ब्रेकमध्ये कंजुषी करू नका. सर्किट एकच, म्हणजे एक सील गळलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीत दडलेला असतो, म्हणून तिकडे कुणी पाहत नाही. सिलिंडरांची सगळी रबरं आणि होसपाइप नवे घाला, तेल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल पितं आणि ओलीची आपल्याकडे कमी नाही.

एक काम दर दीड हजार किलोमीटरला करा, विसरू नका. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या स्विव्हल पिनना ग्रीस. खालच्या ट्रनियनचे (पिनच्या खालच्या सांध्याचे) आटे ग्रीसविना झिजले की वळताना चाक आडवं पडतं. जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : हौसेसाठी पहिलीच जुनी ब्रिटिश गाडी घ्यायची आहे. हेराल्ड, मायनर की अ‍ॅम्बेसेडर? (वाचक, वास्को)

पहिलीच असेल तर अ‍ॅम्बेसेडर. ती ब्रिटिश नाही असं नाक मुरडणारे भेटतील. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३चा साचा, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं १४८९ सीसी बी-सिरीज इंजिन आणि उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत चाललेलं उत्पादन, त्यामुळे भाग अजून मिळतात आणि हात बसलेले मेकॅनिकही. मार्क २ (१९६२ ते १९७५) सर्वांत देखणी. जाड पत्र्याच्या कौतुकावर विसंबू नका. सिल आणि मागच्या पाट्यांचे हँगर हिचेही कुजतात.

मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड स्वतः हात काळे करणाऱ्यासाठी. इटालियन डिझायनर जिओव्हानी मिकेलोट्टीची रेखा, वेगळी चॅसी, बोल्टने जोडलेली बॉडी, आणि सगळं बॉनेट पुढे उलटतं, म्हणून इंजिनापाशी टायरवर बसून काम करता येतं. चॅसीचे बाजूला निघालेले हात (आउटरिगर) आधी टोचून पाहा. पुढच्या खालच्या ट्रनियनला ग्रीस नव्हे, ईपी-९० गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस पुरेसं आत पोचत नाही, आत पाणी राहतं, आणि चाक धरणारी व्हर्टिकल लिंक गंजून, तुटून चाक निखळतं. मायनरचं ग्रीस आणि हेराल्डचं तेल यांची अदलाबदल करणारे मेकॅनिक भरपूर आहेत. मागच्या स्विंग अ‍ॅक्सलमुळे (चाकासकट वर-खाली झुलणाऱ्या अर्ध्या धुऱ्यांमुळे) चोर्ल्यासारख्या घाटात वळणाच्या मध्यावर एकदम पाय काढू नका, मागची चाकं पोटाखाली वळतात.

पत्र्याची धास्तीच नको असेल तर बंगळूरच्या सिपानीची डॉल्फिन बघा. मूळ रिलायंट किटन, बॉडी फायबरची. गंजत नाही. त्याखालची लोखंडी चॅसी मात्र गंजते.

प्रश्न : आजोबांची १९६०ची ऑस्टिन, आरसी त्यांच्याच नावे, नोंदणी केव्हाच संपलेली. व्हिंटेजमध्ये घालता येईल? (वाचक, पेडणे)

वय ५० वर्षांवर आहे, त्यामुळे पहिली अट पूर्ण. दुसरी, चॅसी, बॉडी आणि इंजिन मुळातले हवे. २०२१च्या नियमांनुसार फॉर्म २०वर अर्ज, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात. ही गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजाराला न्यायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण (फॉर्म २५) आणि फिटनेस.

त्याआधी वारसाचा प्रश्न सोडवा. मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाला फॉर्म ३१ लागतो. सोबत विशेष नोटरीकडचा उत्तराधिकार दस्त आणि बाकी वारसांची ना-हरकत ठेवा. भावंडांत बोलणं न होता रंगकामाला दिलेल्या गाड्या गॅरेजातच राहतात.

स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे तेही पाहा. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात शेजारच्या ब्रिटिश हद्दीमुळे डावीच राहिली. म्हणून इथे नव्याने आलेल्या मॉरिस-ऑस्टिनचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. डावीकडे असेल तर गाडी दुसरीकडून फिरत आली आहे. चॅसी क्रमांकाचा पेन्सिल-ठसा आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा.

प्रश्न : हेराल्डचे नट १३च्या पान्याने उघडतो, कडा झिजतात. (वाचक, कुडचडे)

झिजणारच. तो नट अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. एएफ (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंतलं अंतर इंचात मोजणाऱ्या) पान्यांचा सेट घ्या : ७/१६, १/२, ९/१६, ५/८. युद्धाआधीच्या गाड्यांना तोही चालत नाही, त्यांना व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने लागतात.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचं काय होतं? (वाचक, डिचोली)

जुनी रबरी नळी फुगते आणि मग चिरते, तीही गरम इंजिनाच्या वर. इथेनॉल चालेल असा शिक्का असलेल्या नळ्या टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत नव्या घाला, पंपाचं डायफ्रॅम आणि फ्लोटच्या सुईचं टोकही. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून गाडी 'लीन' (हवेच्या मानाने इंधन कमी) चालते आणि तापते. एसयू कार्ब्युरेटरच्या जेटचा नट एक-दोन पैलू खाली फिरवला की बहुतेक भागतं. पावसाळ्यात दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल ओल धरतं, आणि टाकीच्या तळाशी पहिलं भोक तिथूनच पडतं.

त्याच दिवसांत गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका. सुती कव्हर, खिडकी बोटभर उघडी, चाकांखाली फळ्या. दर पंधरा दिवसांनी सुरू केलीत तर पाच मिनिटं नको, वीस मिनिटं चालवून पुरती तापवा. अर्धवट तापलेल्या इंजिनात तेलाला पाणी सुटतं आणि सायलेन्सर आतून सडतो. पोकळ भागांत मेण फवारायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये, सांधे खडखडीत वाळलेले असताना.